मालकीणबाईंची ऐट

मागच्या अंकात आम्ही अमेरिकेतील जुन्या टिकी रेस्टॉरंटांवर, म्हणजे पॅसिफिक महासागरातल्या पॉलिनेशियन बेटांचा देखावा रचणाऱ्या उपाहारगृहांवर, एक टिपण छापले होते. बांबूच्या भिंती, लाकडात कोरलेल्या मूर्ती, फुगा माशांचे दिवे आणि रमची पेये यांबद्दल त्यात पुष्कळ होते. ही ठिकाणे चालवणाऱ्या स्त्रियांबद्दल मात्र एकच वाक्य होते आणि तेही त्यांच्या पोशाखाविषयी. वाचकांनी ही उणीव बरोबर हेरली. आलेल्या पत्रांपैकी काहींना येथे उत्तरे देत आहे. पहिले उत्तर बरेच लांबले आहे, परंतु ते पत्रच तसे आहे.

प्रश्न: मी १९७४ साली शिक्षणासाठी अमेरिकेत आलो आणि मध्य-पश्चिमेतल्या एका शहरात राहिलो. तेथे हमरस्त्यालगत एक टिकी रेस्टॉरंट होते. बाहेर गुडघाभर बर्फ असले तरी आत दक्षिण समुद्रातली संध्याकाळ असे. मालकीणबाई स्वतः दाराशी उभ्या राहत. पायघोळ सोनेरी झगा, कानामागे फूल, मनगटभर कंकणे, आणि एखाद्या नटीप्रमाणे क्षणभर थांबून, मान वळवून सगळ्या दालनावर नजर टाकण्याची ती लकब! आम्ही विद्यार्थी खिशात एका पेयापुरते पैसे घेऊन जात असू, तरी आमचे जहाज बंदरात लागले असावे अशा थाटात त्या आम्हाला आत नेत. गेल्या वर्षी त्या वारल्या. त्यांच्या मुलाने जुन्या गिऱ्हाइकांकडून आठवणी लिहून मागवल्या आहेत, पण मी लिहायला बसलो की झगा, फूल आणि कंकणे यांपलीकडे काही सुचत नाही. चाळीस वर्षे व्यवसाय सांभाळलेल्या बाईला असे दागदागिन्यांत आठवणे हा तिचा अपमान नाही काय?

उत्तर: अपमान नाही. झगा, फूल आणि कंकणे येथूनच आपण सुरुवात करावी. फक्त तेथेच थांबू नये. असे म्हणण्याचे कारण समजायचे तर टिकी रेस्टॉरंटात विकले जात होते तरी काय, हे आधी पाहावे लागेल.

या प्रकाराची सुरुवात हॉलिवूडमधली. अमेरिकेतील दारूबंदी डिसेंबर १९३३ मध्ये उठली आणि त्याच सुमारास अर्नेस्ट गँट नावाच्या एका भटक्या तरुणाने मॅकॅडन प्लेस या गल्लीत एक छोटासा बार उघडला. देशात महामंदी होती, लोकांजवळ पैसा नव्हता, आणि जहाजाने दक्षिण समुद्रावर जाणे हे बहुतेकांच्या स्वप्नातही नव्हते. गँटने स्वस्तात मिळणारी रम, लिंबू, ग्रेपफ्रूट आणि मसाल्यांचे पाक एकत्र करून अशी पेये बनवली की ती पिणाऱ्याला आपण कुठल्यातरी बेटावर बसलो आहोत असे वाटावे. पुढे १९३७ मध्ये हा बार समोरच्या मोठ्या जागेत गेला, ‘डॉन द बीचकोंबर’ या नावाचे रेस्टॉरंट झाला, आणि मालकाने स्वतःचे नावही कायद्याने बदलून डॉन बीच असे करून घेतले. जेवण बहुतांशी कँटोनी चिनी पद्धतीचे होते, पण पदार्थांना समुद्रावरच्या वाऱ्याचा वास येईल अशी नावे दिलेली होती. गिऱ्हाईक उठण्याच्या बेतात दिसले की हा गृहस्थ पत्र्याच्या छपरावर रबरी नळीने पाणी सोडी, आणि बाहेर पाऊस लागला असे समजून मंडळी आणखी एक पेय मागवीत, अशी कथा त्याच्याविषयी हमखास सांगितली जाते.

तात्पर्य, ताटात आणि पेल्यात जे असे ते निमित्त होते; विकली जात होती ती दुसरीकडची एक संध्याकाळ. म्हणून जुन्या टिकी रेस्टॉरंटांना खिडक्या जवळजवळ नसतच. भर दुपारी आत गेले तरी रात्र भेटे. पण उजेडातून अंधारात आलेल्या माणसाचे डोळे सरावायला काही मिनिटे लागतात, आणि तेवढ्या मिनिटांत तो गोंधळतो, पायरीला अडखळतो, आपण चुकीच्या जागी आलो की काय असे त्याला वाटते. या मिनिटांचा धनी कोण असतो? दाराशी उभी असलेली व्यक्ती. मंद दिव्यांतही दिसेल असा सोनेरी झगा, ऐकू येईल अशी कंकणे आणि हात धरून नेण्याची सहजता ही त्या अंधारात गिऱ्हाइकाला सापडणारी पहिली खूण होती. आपल्या मालकीणबाईंचा पोशाख हे त्यांचे शोभेचे साधन होते तितकेच कामाचे अवजार होते. लोहाराला आठवताना आपण त्याचा हातोडा आठवला तर त्यात अपमान वाटण्यासारखे काही नाही.

आता आपण लिहिलेली ती लकब घ्या. क्षणभर थांबून, मान वळवून सगळ्या दालनावर नजर टाकणे. आपल्याला त्यात नटी दिसली, आणि ती दिसावी अशीच बाईंची इच्छा असणार. परंतु रेस्टॉरंट चालवलेल्या कोणालाही ही लकब वर्णन करून सांगा. तो म्हणेल की बाई मेजे मोजत होत्या. कोणते मेज उठायला आले, कोणाचे पेय अर्धा तास झाला तरी आलेले नाही, कोणत्या कोपऱ्यात आवाज चढतो आहे, नवा वेटर कोठे गोंधळला आहे, हे सगळे त्या एका वळणात पाहून घेतले जात होते. ज्याला आपण ऐट म्हणतो ती पुष्कळदा अशी दुहेरी असते. बाहेरून अभिनय आणि आतून हिशेब. नखरा वेगळा. नखऱ्यात माणसाचे लक्ष स्वतःकडे असते.

येथे थोडे विषयाच्या कडेने जातो. याच व्यवसायातील पुरुषांनीही स्वतःची सोंगे काही कमी रंगवली नाहीत. डॉन बीचचे नावच घडवलेले होते. त्याचा मोठा प्रतिस्पर्धी व्हिक्टर बर्जरन, म्हणजे ‘ट्रेडर व्हिक’, याचा एक पाय लहानपणी क्षयरोगाने गेला होता, पण गिऱ्हाइकांना तो शार्क माशाने तोडला असे सांगे. बेव्हर्ली हिल्समध्ये १९५३ साली ‘द लुआउ’ उघडणारा स्टीव्हन क्रेन हा देखणा गृहस्थ अभिनेत्री लाना टर्नर हिचा पूर्वाश्रमीचा पती होता आणि त्या ओळखीचे वलय त्याच्या व्यवसायालाही होते. या तिघांना आज सगळे कल्पक, धाडसी, व्यवसायाचे प्रवर्तक असे म्हणतात, आणि ते रास्तही आहे. तेच सोंग बाईने वठवले की तिला मोहक म्हणतात, आणि तिचा व्यवसाय कोण पाहत होते असा प्रश्न हळूच विचारतात. आपल्या भाषेनेही यात भर घातली आहे. ‘मालकीण’ या शब्दाचा अर्थ धंदा जिच्या नावावर आहे ती बाई असाही होतो आणि मालकाची बायको असाही होतो, आणि ऐकणारा सहसा दुसराच अर्थ धरतो. आपण आठवण लिहाल तेव्हा पहिल्याच परिच्छेदात हा घोळ मिटवावा.

आपल्याला उपयोगी पडेल असे एक उदाहरण देतो. फ्लोरिडात फोर्ट लॉडरडेलजवळ ‘माय-काय’ नावाचे प्रसिद्ध रेस्टॉरंट आहे. बॉब आणि जॅक थॉर्नटन या शिकागोच्या दोघा भावांनी ते डिसेंबर १९५६ मध्ये उघडले. मिरेय ही मूळची ताहिती बेटावरची स्त्री १९६० च्या दशकाच्या आरंभी तेथे नर्तकी म्हणून आली, आणि पुढे तिचा बॉब थॉर्नटनशी विवाह झाला. तिचे देखणेपण हा त्या ठिकाणाच्या लौकिकाचा भाग होताच. पण तेथे रोज रात्री होणारे पॉलिनेशियन नृत्याचे कार्यक्रम तिने बसवले, नर्तकांचे पोशाख तिने आखले, आणि १९८९ मध्ये बॉबच्या निधनानंतर कुटुंबासह रेस्टॉरंटही तिने सांभाळले. टिकीची लाट १९७० च्या दशकात ओसरली होती. ओहायोतील कोलंबस शहरात १९६१ साली उघडलेले ‘काहिकी’ हे नावेच्या आकाराचे प्रचंड रेस्टॉरंट राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तूंच्या यादीत नोंदलेले असूनही २००० साली बंद झाले आणि औषधांच्या दुकानाला जागा करून देण्यासाठी पाडले गेले. त्या पडझडीच्या काळात माय-कायमधला नाच चालू राहिला. तो कोणीतरी चालू ठेवला म्हणून राहिला. नुसत्या मोहकतेवर गवताचे छप्पर शाकारले जात नाही.

तेव्हा लिहायला बसाल तेव्हा असे करून पाहा. झगा जसा आठवतो तसा लिहा, रंग आणि कापडाच्या सळसळीसकट. मग स्वतःला विचारा की त्या झग्यात बाई काय करत होत्या. आपल्याला एका पेयाच्या पैशांत किती वेळ बसू दिले? कोणाला त्यांनी गोड बोलून, पण ठामपणे, दुसरे पेय नाकारले? बंद करण्याच्या वेळी त्या कोठे बसत, आणि तेव्हा फूल कानामागेच असे की गल्ल्याशेजारी ठेवलेले असे? असा एखादा तपशील हाती लागला की त्यापुढे विशेषणे लागत नाहीत. ‘जहाज बंदरात लागले असावे अशा थाटात’ हे आपले वाक्य मात्र जसेच्या तसे ठेवा. खिशात एकाच पेयाचे पैसे असलेल्या परदेशी मुलाला असे आत नेणारी बाई काय विकत होती आणि काय फुकट देत होती, हे त्या वाक्यात पुरेपूर आले आहे.

प्रश्न: ‘टिकी’ म्हणजे नेमके काय? देवाचे नाव की पेयाचे?

उत्तर: न्यूझीलंडच्या मूळ रहिवाशांच्या, म्हणजे माओरींच्या, परंपरेत टिकी हा आद्य पुरुष आहे, आणि पॉलिनेशियाच्या काही भागांत लाकडात किंवा दगडात कोरलेल्या मानवाकृतींनाही हे नाव आहे. पेयाशी त्याचा मूळचा काही संबंध नाही. १९३० च्या दशकातली मंडळी आपल्या ठिकाणांना दक्षिण समुद्राची ठिकाणे म्हणत. दुसऱ्या महायुद्धात पॅसिफिकमध्ये गेलेले सैनिक परतले, ऑगस्ट १९५९ मध्ये हवाई हे अमेरिकेचे राज्य झाले, विमानप्रवास आवाक्यात आला, आणि या सगळ्या काळात कोरीव मूर्ती दारोदारी, मेन्यूवर आणि पेल्यांवर इतक्या झळकल्या की पुढे सबंध प्रकाराला टिकी हेच नाव चिकटले.

प्रश्न: डॉन बीच युद्धावर गेला असताना त्याची बायको सनी सुंड हिने त्याचा धंदा बळकावला आणि आयत्या पिठावर रेघोट्या ओढल्या, असे मी अनेक ठिकाणी वाचले आहे. मग तिला संस्थापक म्हणून कशासाठी आठवायचे?

उत्तर: ही कथा चटकदार आहे, पण पंचांग काढून पाहिले की ती डळमळते. कोरा आयरीन सुंड, जिला सगळे सनी म्हणत, ही मिनेसोटातली, पूर्वी शाळेत शिकवणारी स्त्री. डॉनशी तिचा विवाह १९३७ मध्ये झाला, म्हणजे बारचे रेस्टॉरंट झाले त्याच वर्षी. त्यांचा घटस्फोट १९४० मध्ये झाला. शिकागोची शाखाही त्याच वर्षी उघडली. अमेरिका युद्धात उतरली ती डिसेंबर १९४१ मध्ये. तेव्हा नवऱ्याने रणांगणावर जावे आणि मागे बायकोने कुलपे बदलावीत, असा हा प्रकार नव्हता. तो सैन्यात गेला तेव्हा ते दोघे पतिपत्नी उरले नव्हते, आणि व्यवसाय ती आधीपासूनच चालवत होती.

पीठ आयते होते, हेही पुरते खरे नाही. चव डॉनची होती, याबद्दल वाद नाही. परंतु चव असणे आणि व्यवसाय असणे यांत अंतर असते. डॉन उदार, बोलका, मनस्वी होता. एका दालनाचा यजमान म्हणून असा माणूस अमोल असतो आणि तिजोरीचा राखणदार म्हणून तितकाच धोक्याचा. एकाच्या मर्जीवर चालणारे दालन शिकागोत जसेच्या तसे उभे करायचे तर त्यातली मर्जी काढून तेथे रीत आणावी लागते. तिने ते केले. शिकागोची शाखा इतकी गाजली की थॉर्नटन बंधू तिचे चाहते झाले, आणि माय-काय उघडताना त्यांनी आपला मुख्य बारटेंडर मारियानो लिकुदिने याला तेथूनच नेले. म्हणजे ज्या रेस्टॉरंटात मिरेय पुढे नाचली त्याची पाळेमुळे सनीने वाढवलेल्या शाखेत होती. मला या सगळ्या इतिहासात हा धागा सर्वांत आवडतो, आणि तो फारसा कोणी दाखवत नाही.

युद्धानंतर डॉन परतला तेव्हा मुख्य भूमीवर त्या नावाने रेस्टॉरंट चालवण्याचा हक्क त्याच्याकडे राहिलेला नव्हता. तो हवाईला गेला. हवाई तेव्हा राज्य नव्हते, म्हणून वायकिकीत त्याला स्वतःच्या नावाचे ठिकाण उघडता आले. एकाच नावाची दोन घरे, मध्ये महासागर, आणि दोन्ही चालली. त्याला हक्क गमवावा लागला याचे वाईट वाटणे स्वाभाविक आहे, मलाही वाटते. पण कागदपत्रे नीट करणाऱ्या स्त्रीला कपटी आणि कागदपत्रांकडे पाठ फिरवणाऱ्या पुरुषाला भोळा म्हणण्याची सवय जुनी आहे. सनीला संस्थापक म्हणण्याचा आग्रह मी धरणार नाही. ‘डॉन द बीचकोंबर’ एका गल्लीतला बार न राहता देशभर ठाऊक झाले याचे श्रेय मात्र तिला देणे भाग आहे.

प्रश्न: ताहिती किंवा हवाईचे खरे जीवन बाजूला ठेवून रचलेल्या या देखाव्याला आज इतक्या प्रेमाने आठवावे का? मालकीणबाई कितीही लोभस असल्या तरी तो खोटेपणाच नव्हे काय?

उत्तर: प्रश्न योग्य आहे आणि त्याला प्रेमाच्या नावाखाली बगल देऊ नये. ज्या आकृती पॉलिनेशियातील लोकांना पूर्वजांच्या ठिकाणी होत्या त्यांचे पेले झाले, हे खरे आहे. बेटांवरच्या स्त्रीचे जे चित्र या ठिकाणी रंगवले गेले ते गिऱ्हाइकाच्या सोयीचे होते, हेही खरे आहे.

तरीही देखाव्याच्या आत खरी माणसे खरे काम करत होती आणि ती कोण होती हे पाहिले की चित्र थोडे बदलते. स्वयंपाकघरात बहुधा चिनी आचारी असत आणि बारमागे फिलिपिनो. रे बुहेन हा फिलिपिनो बारटेंडर १९३० च्या दशकात डॉन बीचकडे होता, आणि १९६१ मध्ये त्याने लॉस एंजेलिसच्या सनसेट बुलेव्हार्डवर ‘टिकी-टी’ हा स्वतःचा चिमुकला बार उघडला, जो त्याच्या कुटुंबाने पुढे चालवला. ज्या काळात अशा माणसांना बऱ्या नोकऱ्यांची दारे सहसा उघडत नसत, त्या काळात त्यांची कारागिरी या खोट्या बेटांवर फळली, पण गिऱ्हाइकांना त्यांची नावे ठाऊक नसत. मिरेयच्या बाबतीत तर उलटेच झाले. ती खरोखर ताहितीची होती, तेथला नाच तिला परका नव्हता, आणि शिकागोच्या भावांनी फ्लोरिडात रचलेल्या बेटावर तिने तो दशकानुदशके शिकवला. त्या रेस्टॉरंटात सर्वांत खरे काय होते असे कोणी विचारले तर छप्पर नव्हे, मूर्ती नव्हेत, नर्तकीची पावले असे उत्तर द्यावे लागेल.

म्हणून आठवण लिहिणाऱ्याने देखाव्याला देखावा म्हणावे आणि त्यातल्या माणसांना त्यांच्या नावाने आठवावे. मालकीणबाईंच्या मृत्युलेखात त्यांच्या आचाऱ्याचे नाव आले तर बाईंचा मान कमी होणार नाही.

प्रश्न: माझ्या पत्नीने विद्यार्थिदशेत अशाच एका रेस्टॉरंटात वेट्रेस म्हणून दोन वर्षे काम केले होते. तेथल्या दिवंगत मालकीणबाईंनी निरोपाच्या दिवशी तिला एक मेन्यू आणि एक मातीचा कोरीव पेला दिला. शिवाय पत्नीची एक छोटी वही आहे, तीत पेयांची प्रमाणे आणि काही खुणेचे आकडे आहेत. घर आवरताना मुले म्हणतात की पेला ठेवू, बाकीचे टाकून देऊ.

उत्तर: मुलांना थांबवा. पेला सुंदर असेल, पण त्यासारखे पेले पुष्कळ निघाले असतील. वही एकच आहे.

तिचे मोल सांगायला एक गोष्ट पुरेशी आहे. डॉन बीच आपल्या पेयांची कृती बारटेंडरनाही सांगत नसे. बाटल्यांवर नावांऐवजी आकडे किंवा खुणेचे शब्द असत, जसे ‘डॉन्स मिक्स’ किंवा ‘स्पायसेस क्रमांक चार’. बारटेंडरने त्यातून अमुक माप घालायचे, आत काय आहे ते विचारायचे नाही. कामगार प्रतिस्पर्ध्याकडे गेला तरी गुपित त्याच्याबरोबर जात नसे. या पद्धतीमुळे त्याचे सर्वांत गाजलेले पेय, १९३४ च्या सुमारास निघालेले आणि एका गिऱ्हाइकाला दोनच देण्याचा नियम असलेले ‘झोंबी’, पुढे कोणालाच नीट बनवता येईना. नावे तीच, चवी शंभर. (प्रस्तुत लेखकाची गती अननसाच्या रसापुरतीच असल्याने चवीबद्दल अधिक बोलत नाही.) जेफ बेरी या अभ्यासकाने वर्षानुवर्षे त्याच्या कृतीचा माग काढला, आणि अखेर जुनी कृती सापडली ती डॉन बीचकडे काम केलेल्या एका वेटरच्या खिशातल्या वहीत, जी त्याच्या मुलीने जपून ठेवली होती. त्यातही काही घटक आकड्यांतच होते. ते इतर जुन्या कामगारांना विचारून उलगडले, तेव्हा कळले की ‘डॉन्स मिक्स’ म्हणजे दोन भाग ग्रेपफ्रूटचा रस आणि एक भाग दालचिनीचा पाक. इतकी वर्षे राखलेले रहस्य एवढेच होते, पण ती वही नसती तर तेही गेले असते.

आपल्या पत्नी आज ते आकडे वाचू शकतात. मुलांना ते वाचता येणार नाहीत. एका दुपारी पत्नीजवळ बसा आणि प्रत्येक खुणेसमोर तिचा अर्थ पेन्सिलीने लिहून घ्या. त्यांना आठवत नसेल तेथे जागा कोरी सोडा, अंदाजाने भरू नका. मेन्यूवर किमती असतील तर वर्ष ठरवायला त्यांची मदत होईल. तो दुमडू नका, आम्लरहित कागदात सपाट ठेवा, आणि त्याच्यावर चिकटपट्टी लावू नका. त्या गावातल्या इतिहाससंस्थेला किंवा सार्वजनिक वाचनालयाला विचारा. अशा वस्तू अनेक ठिकाणी आनंदाने स्वीकारल्या जातात.

आणि वही देण्यापूर्वी पत्नीला एक गोष्ट विचारा: प्रमाणे कोणी ठरवली होती? बारटेंडरने, की मालकीणबाईंनी? रात्री दार बंद झाल्यावर बाई स्वतः बारमागे जाऊन पेले चाखत होत्या असे उत्तर आले, तर तेही वहीच्या पहिल्या पानावर, तारीख आणि बाईंचे पूर्ण नाव घालून, लिहून ठेवा.